हॉल किती वाजता मिळणार?

आमच्या गावच्या जत्रेत नाटक किती वाजता सुरू होणार, हे नाटकवाल्यांच्या हातात कधीच नसायचं. ते पालखीच्या हातात. पालखी देवळाभोवती फिरून परत यायची, आरत्या व्हायच्या, गाऱ्हाणं व्हायचं, मग पालखीच्या वाटेसाठी मोकळा ठेवलेला मंडपाचा भाग आमच्या ताब्यात यायचा. तोवर तिथे शिडी उभी करायची नाही, वायर ओढायची नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं गाव, साल १९८५, मी १४ वर्षांचा. साडेदहाला पालखी आत गेली तर बारापर्यंत दिवे चढलेले पाहिजेत. चढवणार कोण? लाइटवाला आणि मी.

त्या लाइटवाल्याला सगळे पात्रांव म्हणायचे. पात्रांव म्हणजे मालक, पोर्तुगीज गेले तरी मागे राहिलेल्या शब्दांपैकी एक. मालकी कसली, तर आठ स्पॉट, चार फ्लड, बिस्किटांच्या डब्यात दिव्यांपुढे लावायच्या रंगीत जिलेटिनचे तुकडे आणि लोणच्याच्या दोन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या. बरण्या म्हणजे डिमर, दिवा कमीजास्त करायचं साधन. आत मिठाचं पाणी, तळाला एक पत्रा, वरून दोरीला बांधलेला दुसरा. दोरी सैल सोडली की वरचा पत्रा खालच्याजवळ जातो, वीज जास्त वाहते, दिवा उजळतो. दोरी ओढली की मंदावतो. मीठ किती घालायचं हे पात्रांव चवीवर ठरवायचा, अर्थात वीज जोडायच्या आधी. अर्ध्या तासात पाणी कोमट, तासाभरात वाफा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बरणीत पाणी उकळत असायचं आणि दोरी धरलेला मी अनवाणी. (पात्रांवने मला लाकडी फळीवर उभं केलं होतं. सुरक्षेची कल्पना तिथे सुरू व्हायची आणि तिथेच संपायची.) आज माझ्या हाताखालच्या कुणी असलं काही केलं तर मी त्याला उभ्या उभ्या बाहेर काढीन.

पण हात तिथेच तयार झाला, हेही खरं. बटण दाबून दिवा लावणं आणि दोरी सोडत सोडत दिवा आणणं यात फरक आहे. नट किती सावकाश वळतोय ते दोरीत कळायचं.

नाटक ऐतिहासिक, चांगलं लांबलचक. शेवटच्या अंकात शत्रूच्या छावणीतली काळोखी रात्र, आणि तोवर खरोखरचे साडेसहा वाजायला आलेले. पूर्वेकडून माडांच्या मागून उजाडायला लागायचं. आमचा निळा स्पॉट हळूहळू दिसेनासा व्हायचा. दिग्दर्शक विंगेतून हात करायचा, वाढव, वाढव. पात्रांव दोरी बाजूला टाकून विडी पेटवायचा आणि म्हणायचा, "आतां वयलो पात्रांव पळयतलो." आता वरचा मालक काय ते बघेल. समोर चटयांवर निम्मे प्रेक्षक झोपलेले, पोरांच्या हातात खाज्यांच्या पुड्या, आणि छावणीत सरदार मशाल घेऊन फिरतोय लख्ख उजेडात.

घरी आम्ही कोकणी बोलायचो, नाटकात मराठी. घरात उजवाड, तालमीत प्रकाशयोजना. गोव्याबाहेरच्या लोकांना हे सांगताना फार वेळ जातो, म्हणून मी आता सांगत नाही.

पुढे आयटीआयचा वायरमनचा कोर्स केला. नाटकाच्या लोकांना मी आजही सांगतो की प्रकाशयोजना शिकायची असेल तर आधी वायरमन व्हा. का, ते माझ्याच एका पराक्रमावरून सांगतो.

१९९३. डिचोली तालुक्यातल्या एका गावचं उत्सवी नाटक. तोवर माझं स्वतःचं थोडं सामान झालं होतं. तीन फेजची लाइन घेतली, पॅनेल मी स्वतः जोडलं, आणि न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेचा, स्क्रू आवळायचा राहिला. म्हणजे लावला होता, आवळला नव्हता. २३० व्होल्टवर हजार वॅटचा दिवा सव्वाचार-साडेचार अँपिअर घेतो. सैल जोडावर तेवढ्या बऱ्याच दिव्यांची वीज गेली की जोड तापतो, काळा पडतो आणि कधीतरी सुटतो. तीन फेजवर भार सारखा नसताना न्यूट्रल सुटला, तर ज्या फेजवर दिवे कमी, तिच्यावर २३०च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट चढतात. नेमका देवीच्या प्रकट होण्याचा प्रवेश. डाव्या बाजूचे दिवे एकदम पांढरेशुभ्र झाले. असा प्रकाश गावाने कधी पाहिला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीने हात जोडले. आणि मग फट, फट, फट करत ११ बल्ब गेले. उरलेला प्रयोग उजव्या बाजूच्या दिव्यांवर आणि मंडपातल्या ट्यूबलाइटवर झाला. त्या ११ हॅलोजन बल्बांचे पैसे मी वर्षभर हप्त्याने फेडले. स्क्रू न आवळण्याचं कारण विचाराल तर पालखीला त्या रात्री उशीर झाला होता. पन्नास मिनिटांत सगळं चढवायचं होतं. पण हे कारण तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. वेळ कमी होता हे प्रेक्षकांना दिसत नाही, दिवे गेले हे दिसतं.

पणजीत कांपालला मांडवीच्या काठी चार्ल्स कोरियांनी उभी केलेली कला अकादमीची इमारत, आणि तिथली मराठी नाट्यस्पर्धा. आमच्या पिढीतल्या प्रत्येक नाटकवाल्याचं एक वय तिथे गेलं. दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक आहेत, जुन्या नाट्यगृहासारख्या सज्जांत बसलेले. पहिल्या वर्षी मी बाजूचे स्पॉट असे काही लावले की उजेड नटांवर कमी आणि त्या रंगवलेल्या मंडळींवर जास्त. ती मंडळी छान उजळून निघाली. आमच्या नायकाच्या चेहऱ्यावर काळोख. मित्र म्हणाले, निदान कुणाला तरी दिसलं.

पण खरा धडा वेगळा होता. प्रयोगाच्या दिवशी हॉल सकाळी हातात येतो, संध्याकाळी प्रयोग. कागदावर दिवसभर वेळ आहे. आता हिशेब बघा. पहिला हक्क नेपथ्यवाल्यांचा, कारण भिंत उभी राहिल्याशिवाय तिच्यावर उजेड पाडता येत नाही. मेस्त, म्हणजे सुतार, म्हणतो बारापर्यंत करतो, म्हणजे दोन. मग जेवण. तीनला नट येतात, दिग्दर्शकाला 'जरा एकदा हालचाली बघून घेऊ या' असं वाटतं. पाचला रंगभूषा सुरू. मधल्या वेळात दिवे लावायचे, तेही वर्क लाइट चालू ठेवून, कारण मेस्त अजून ठोकतोय आणि त्याला खिळा दिसायला हवा. उजेडात फोकस करणं म्हणजे बाजारात उभं राहून तंबोरा जुळवणं.

एका दिव्याला चार मिनिटं धरा. शिडी किंवा घोडा सरकवणं, वर चढणं, खाली नटाच्या जागी कुणाला तरी उभं करणं, दिवा वळवणं, कडा कापणं, जिलेटिन लावणं, पक्का आवळणं. साठ दिव्यांना चार तास. यात एकही क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी उजेड कसा बदलायचा ते, बसवलेलं नाही. आणि क्यू हेच खरं काम, बाकी सगळी हमाली. प्रकाशयोजनेला पैसा लागतो असं सगळ्यांना वाटतं. पैसा लागतोच. पण ती घडते तासांतून, अंधारात एकट्याने मिळालेल्या तासांतून, आणि तास कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेले नसतात. म्हणून ते कुणीही उचलून नेतं.

यावर तेव्हा मी काढलेला उपाय म्हणजे कागद. एक मीटरला दोन सेंटिमीटर धरून ग्राफ पेपरवर रंगमंच काढायचा, प्रत्येक दिव्याची जागा, कोन, अंतर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे गणित कागदावर आधी करता येतं. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३०च्या दशकात मांडलेली पद्धत कुणीतरी समजावून सांगितली होती: रंगमंचाचे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून उजेड, एक बाजू उबदार, दुसरी थंड. ती मी तंतोतंत पाळायचो, आणि त्यामुळे माझी पहिली चार-पाच नाटकं एकसारखी दिसायची. सगळ्यांचे चेहरे स्पष्ट, कुणालाच सावली नाही. ते विसरायला पुन्हा चार-पाच नाटकं गेली.

सुटका केली ती संगीत नाटकाने. आमच्याकडे अजूनही गावोगाव हौसेने संगीत नाटकं होतात. मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथांचा मुलूख आहे हा. पद सुरू झालं की नट जागचा हलत नाही. पाच-सात मिनिटं एकच माणूस, एकच जागा. तिथे मी समोरचे दिवे हळूहळू उतरवत न्यायला शिकलो. हॅलोजनचा दिवा पूर्ण तेवला की पांढरट असतो, तीस टक्क्यांवर आणला की मधासारखा पिवळा होतो. गाणं विलंबित असताना चेहऱ्यावर ती मधाळ छटा सावकाश चढत जायची आणि समोरच्याला कळायचं नाही की काही बदललंय. एलईडी दिवा कमी केला तर फक्त कमी होतो, रंग तोच. आता तीही छटा प्रोग्रॅम करून आणता येते, चांगल्या दिव्यांत चांगली येते. भाड्याच्या स्वस्त दिव्यांत गायकाचा चेहरा मुडद्यासारखा दिसतो. एलईडीचं मला वावडं नाही. वीज वाचते, जिलेटिन जळत नाही (गडद निळं सगळ्यात आधी जळायचं, कारण बाकीची सगळी उष्णता तेच पिऊन बसायचं, हजार वॅटच्या दिव्यावर ली कंपनीचा १८१ नंबरचा निळा लावला की काही प्रयोगांत मधे भोक). मला वावडं आहे ते मूव्हिंग हेड, म्हणजे मोटरवर फिरणारे दिवे, भाड्याने आणलेत म्हणून ते फिरवलेच पाहिजेत या समजुतीचं. बाप मरतोय आणि वर चार दिवे गरागरा फिरतायत, हे मी गेल्या जत्रेत पाहिलं.

एक नाटक मात्र सांगतोच. खाणीवरचं होतं. गोव्यात खाण म्हणजे लोखंडाची, उघडी, लाल. खाणपट्ट्यातल्या पोरांनीच बसवलेलं. शेवटी खड्ड्यात पावसाचं पाणी भरतं. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात १९५९ साली उत्पल दत्तांच्या नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दाखवलं होतं, निव्वळ दिव्यांनी, हे आम्ही ऐकून होतो. ते नेमकं कसं केलं हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मग आम्ही आमचं केलं: पसरट ट्रेमध्ये पाणी, तळाशी फुटक्या आरशाचे तुकडे, त्यांच्यावर कोनात रोखलेला एक स्पॉट, आणि ट्रे हलवायला एक पोरगा. लाटांचा उजेड मागच्या पडद्यावर. पाणी चढताना दाखवायचं तर स्पॉटपुढे पुठ्ठा, तो हळूहळू सरकवायचा. पुठ्ठा माझ्या हातात होता. तीन रात्री एका शाळेच्या हॉलमध्ये कुलूप लावून बसलो तेव्हा जमलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून तीन रात्री मिळाल्या. सुट्टी नसती तर पाणी चढलं नसतं.

दिव्यांकडून निर्मितीकडे कसा आलो? बढती वगैरे काही नाही. मराठी नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यात खाली 'सूत्रधार' म्हणून एक नाव असतं. तो नांदीनंतर येणारा सूत्रधार नव्हे. हा बस ठरवणारा, हॉल मिळवणारा, नटांना वेळेवर उठवणारा माणूस. तसा माणूस आमच्याकडे नसायचा. वेळापत्रक मी करायला लागलो कारण कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे मोजलेलं फक्त माझ्याकडे होतं. ते मोजलं होतं भांडायला. आधी एका नाटकाचं, मग एका संस्थेच्या आठवडाभराच्या कार्यक्रमांचं. तिसरी घंटा सातला, म्हणजे प्रेक्षक आत साडेसहाला, म्हणजे शेवटची तपासणी सहाला, असं उलटं येत येत सकाळपर्यंत. २००४ पासून गोव्यात इफ्फी हा चित्रपट महोत्सव यायला लागला, २०१६ पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी हा कला महोत्सव; पणजीच्या पोरांना कॉल शीट (कुणी कधी यायचं त्याचा कागद) आणि रायडर (पाहुण्या ग्रुपचं मागणीपत्र) हे शब्द पाठ झाले. बाहेरगावचे मोठे ग्रुप यायचे, त्यांचं आठ-दहा पानी तांत्रिक मागणीपत्र यायचं, आणि ते वाचून समोरच्याला 'हे आहे, हे नाही, हे चालेल का' असं सांगणारा माणूस लागायचा. तो मी झालो. चाळिशी उलटली होती, गुडघे शिडीवर कुरकुरत होते. हे कारण मी मुलाखतीत सांगत नाही, पण तेच मोठं होतं.

निर्मितीप्रमुखाचं काम बाहेरून दिसतं तसं नाही. बहुतांश ते परवानग्यांचं आणि पाण्याच्या बाटल्यांचं आहे. पोलीस, अग्निशमन दल, वीज खातं, नगरपालिका किंवा पंचायत, नदीकाठ असेल तर बंदर खातं. उघड्यावर दहानंतर ध्वनिक्षेपक नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राज्याला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ती आपल्याला मिळेल असं धरून चालायचं नसतं. लहानपणी उजाडेपर्यंत चाललेली नाटकं आठवतात आणि मी घड्याळाकडे बघत नर्तकांना सांगत असतो की साडेनऊला संपवा.

उघड्यावरच्या कार्यक्रमांत तर तासांची गंमतच आहे. डिसेंबरात पणजीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहापर्यंत आकाशात इतका उजेड असतो की फोकस कुठे पडलाय ते दिसत नाही. कार्यक्रम सातला. म्हणजे फोकस आदल्या रात्री करायचा, आदल्या दिवशीचा कार्यक्रम संपून मंच मोकळा झाल्यावर, रात्री ११ ते पहाटे ३. तेव्हा दंव पडतं. मंच ओला, शिडीच्या पायऱ्या ओल्या, दिव्यांच्या काचांवर धुकं. सकाळी नर्तक येतात आणि विचारतात, फरशी का घसरते? दोन पोरं फक्त मंच पुसायला ठेवायची असतात हे मला पहिल्या वर्षी सुचलं नव्हतं. एकीचा घोटा मुरगळल्यावर सुचलं. जनरेटरचंही तसंच. ४० किलोवॅटचा भार असेल तर साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर लागतो, आणि ध्वनीसाठी वेगळा, नाहीतर डिमरची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. दुसरा जनरेटर म्हटलं की हिशेबनीस माझ्याकडे बघतो, जणू मी घरी नेणार आहे.

जुन्या इमारतींत खिळा मारता येत नाही. चिऱ्याच्या भिंतीला हात लावायचा नाही, हे योग्यच आहे. मग स्वतःच्या पायावर उभे राहणारे ट्रस, म्हणजे दिवे टांगायचे धातूचे सांगाडे, खाली वजनं, आणि ते चढवायला जास्त तास. परत तेच.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं त्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण जास्त लिहिवत नाही. माझ्याबरोबरचे लाइटवाले टेम्पोतून भाजी विकत होते. एकाने सामान विकलं, अर्ध्या भावात. गुंडाळून ठेवलेल्या दिव्यांच्या भिंगांवर त्या पावसाळ्यात बुरशी चढली. नाट्यगृहं उघडेपर्यंत काही जण दुसऱ्या कामात इतके रुळले की परत आलेच नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

काही वर्षांपूर्वी एका महोत्सवाचा मी निर्मितीप्रमुख होतो. एका संगीत-नृत्याच्या प्रयोगाची प्रकाशयोजना एका तरुण मुलीकडे. साखळी गावची, माझ्याच एका कार्यशाळेत शिकलेली. मला दादा म्हणते. तिने नकाशा पाठवला तो इतका नेटका होता की मी तो इतरांना दाखवला. तिने मागितले होते सहा तास, सकाळी आठ ते दुपारी दोन, अंधार करून. मी हो म्हटलं. तोंडी.

आदल्या रात्रीचा कार्यक्रम लांबला, त्यांचं सामान निघायला सकाळचे साडेनऊ झाले. मग कळलं की बाहेरगावचे वादक दुपारच्या विमानाऐवजी सकाळीच पोचलेत आणि त्यांना ध्वनिचाचणी आत्ताच हवी. साडेबाराला आयोजकांपैकी एक जण आला: पाहुणे लवकर येतायत, दीपप्रज्वलन साडेतीनला उरकून घेऊ, मंचावर समई, फुलं, खुर्च्या, फोटो. मी हो म्हटलं. तिन्हींना हो म्हटलं. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात हिशेब होता, आणि प्रत्येक वेळी कमी झाला तो आकडा एकच होता. वादकांना नाही म्हणावं तर ते चिडतील, आयोजकांना नाही म्हणावं तर पुढच्या वर्षी काम नाही. ती पोरगी ऐकून घेईल. ती माझी आहे.

शेवटी तिला मिळाले एक ते तीन. दोन तास, सहाच्या जागी. दीपप्रज्वलनासाठी प्रकाशयोजनेचा वेळ कापला, हा विनोद त्या दिवशी कुणाला सुचला नाही.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती हातातल्या नकाशाकडे बघत म्हणाली, "दादा, हॉल किती वाजता मिळणार म्हणून मी तीनदा विचारलं होतं." मग पेन काढून उभ्या उभ्या नकाशावरचे दिवे खोडायला लागली. ५२ होते, २० ठेवले. काय खोडतेय ते मी मागून बघत होतो. तिने मागून येणारे सगळे दिवे खोडले, बाजूचे निम्मे खोडले, समोरचे ठेवले. म्हणजे दिसेल, पण काही होणार नाही. मीही तेच केलं असतं. वेळ संपत आला की आपण सुरक्षित उजेड ठेवतो आणि सुंदर उजेड सोडतो.

मी अंगातलं जाकीट काढलं आणि शिडी धरली. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा." म्हणजे काय, ते मला कळलं.

प्रयोग झाला. दुसऱ्या भागात गायिका ठरल्यापेक्षा दोन पावलं डावीकडे बसली आणि मिनिटभर काळोखात गात राहिली, कारण त्या जागेचा दिवा खोडलेल्यांपैकी होता. प्रेक्षकांना ते मुद्दाम केलेलं वाटलं. दुसऱ्या दिवशी एका परिचिताने मला फोन करून त्या क्षणाचं खास कौतुक केलं, काळोखातून येणारा आवाज वगैरे. मी ते तिला कळवलं, तिला बरं वाटेल म्हणून. तिने महिनाभर माझा फोन उचलला नाही.

त्या महिन्यात मी जुन्या वह्या काढून बसलो. माझ्या वीस वर्षांच्या तक्रारी त्यांत लिहिलेल्या आहेत, तारखेवार, अमक्याने दोन तास खाल्ले, तमक्याने तीन. एकाही ठिकाणी त्या अमक्या-तमक्याला त्या दिवशी कुणाकुणाला हो म्हणावं लागलं असेल, याचा उल्लेख नाही. ते वाचून मला माझी चूक लहान वाटली असं नाही. फक्त ती कशी होते ते दिसलं. कुणी ठरवून दिव्यांचा वेळ कापत नाही. दिवेवाला शेवटी असतो आणि त्याला अंधार लागतो. अंधारात इतर कुणाला काम करता येत नाही, म्हणून तो वेळ सगळ्यांना रिकामा वाटतो.

तेव्हापासून मी अंदाजपत्रकात तास लिहितो. हॉलचं भाडं, वीज, माणसं मिळून एका तासाची जी किंमत निघते ती लिहितो आणि पुढे 'प्रकाश: ६ तास, अंधार' अशी स्वतंत्र ओळ टाकतो, जशी नेपथ्याच्या लाकडाची असते. कुणाला त्यातला तास हवा असेल तर घ्यावा, पण कोणाकडून घेतला आणि किती रुपयांचा, यावर सही करावी. पहिल्या वेळी सगळे हसले. हिशेबनीस हसला नाही. त्याला पहिल्यांदाच माझं काहीतरी समजलं होतं. आयोजकांपैकी एकाने सही केली आणि अर्धा तास घेतला, पाऊण तासाची मागणी करून. सही करायची म्हटल्यावर पंधरा मिनिटं कमी झाली.

ती पोरगी दीड वर्षाने परत आली. आधी पत्र आलं, ईमेलने, दादा न लिहिता 'महोदय' लिहून. पहिलंच वाक्य: हॉल किती वाजता मिळणार ते कृपया लेखी कळवावे. मी कळवलं. आठ ते दोन.

प्रयोगाच्या दिवशी आठ चाळीसला मिळाला. ध्वनिवाल्यांची एक केबल सापडत नव्हती. मी स्वतः दारात उभा होतो, तरी झालं. ती काही बोलली नाही. दिवसभर काम केलं, रात्री प्रयोग झाला, चांगला झाला, मागून येणारे दिवे सगळे होते. सामान भरताना बघितलं, तर दिव्यांच्या मोठ्या काळ्या पेटीवर खडूने लिहिलं होतं: 'दादा, ४० मिनिटं येणे.'